आठव्या महिन्यात खुब्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. पट्टा वापरावा का? डिलिव्हरी नॉर्मल होईल का?

ताई, पट्ट्याचं विचारून झाल्यावर शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय: 'घरी सांगतात, खाली बसून फरशी पुसली की सगळं मोकळं होतं आणि नॉर्मल होते, पण मला बसलं की उठताच येत नाही.' त्या ओळीसाठी हे उत्तर लिहितेय.

फरशी पुसू नका. आजपासूनच.

२०१५ ची गोष्ट. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठेत. दारातून बाहेर पडलं की एक तर चढ, नाही तर उतार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाळा कोरेगाव तालुक्यात, रोजचा एसटीचा प्रवास. १८० दिवसांची रजा सगळी बाळाजवळ घालवायची म्हणून नवव्या महिन्यापर्यंत शाळा करायची असं ठरवलेलं. सहावा सरता सरता डावा खुबा दुखायला लागला. आधी एसटीची पायरी चढताना, मग साडी नेसताना एका पायावर भार आला की, मग रात्री कूस बदलताना. कळ कुल्ल्यातून निघायची आणि मांडीच्या मागून खाली उतरायची. सासूबाई म्हणाल्या, उसण भरलीय. शेजारच्या काकू म्हणाल्या, शीर चढलीय, पाय देऊन शीर बसवणारी एक बाई आहे, तिच्याकडे चल. तिच्याकडे मी गेले नाही. फरशीला मात्र नाही म्हणता आलं नाही.

सासूबाई माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, तेव्हा माझ्या मोठ्या नणंदबाई पोटात होत्या. कामावर सुकडी मिळायची, ती खाऊन दिवस काढलेले. "आमी दगडं फोडली, तुला चार खोल्या पुसायला काय हुतंय?" यावर सून काय बोलणार? बादली घेतली की मी बसायचे.

सातव्या महिन्यातला रविवार होता. उकिडवी बसून, एक पाय पुढे सरकवत, मधल्या खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि खुब्यात असं काही तुटल्यासारखं झालं की हातातलं फडकं सुटलं. उठता येईना, खाली टेकताही येईना. एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात ओल्या फरशीवर घसरतोय, फिनेलचा वास नाकात. आतून आवाज आला, "ऱ्हायलंय ते पुसून घे, मग बस." आमचे हे अंघोळ करून बाहेर आले तोवर मी तशीच. त्यांनी बगलेत हात घालून उचललं, तेव्हा मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. माझ्यापेक्षा लहान मुलगी होती. तिने मला उताणं झोपवलं आणि म्हणाली, गुडघा न वाकवता डावा पाय वीतभर उचला. उचलेना. खाटेला बांधून ठेवल्यासारखा. मग तिने माझ्या खुब्यांवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवले, मधे घट्ट आवळले आणि म्हणाली, आता उचला. पाय उचलला गेला! मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, तुमची नस बिघडलेली नाही, कमरेचं कडं सैल झालंय.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे कमरेखाली दुखलं की सगळे 'सायटिका' म्हणून मोकळे होतात. माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, पुढे जांघेच्या मधे एक. गरोदरपणात संप्रेरकांमुळे त्यांचे बंध सैल पडतात, वर पोटाचं ओझं पुढे ओढत असतं. सांधे दोन्हीकडून सारखे हलले नाहीत की दुखतं. पाचातल्या एका गरोदर बाईला हे होतं, म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाजूक नाही. उकिडवं बसून एका पायावर भार टाकत सरकणं म्हणजे नेमके हेच सांधे ताणणं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली जाणं हा खरा सायटिका. तो गरोदरपणात त्यामानाने कमी दिसतो. त्यात कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जाते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तुमची कळ पोटरीपर्यंत जाते म्हणताय, म्हणून तुम्ही तपासूनच घ्या. माझ्यावरून अंदाज बांधू नका.

आता पट्टा. मला त्याने फरक पडला. पण पोट उचलून धरणारा रुंद पट्टा वेगळा आणि खुब्यांभोवती, पोटाच्या खाली आवळायचा पट्टा वेगळा. त्या मुलीच्या हातांनी जे केलं तेच काम हा दुसरा करतो. चालताना, उभं राहताना लावायचा, आडवं झालं की काढायचा. पहिल्यांदा कुणाकडून तरी बांधून घ्या. मी आधी पोटावरच आवळून घेतला होता.

पट्ट्यापेक्षा जास्त उपयोग सवयी बदलल्याचा झाला. साडी सोडून गाऊन, तोही खाटेवर बसून घालायचा. रिक्षात आधी बसायचं, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. स्कूटरवर एका बाजूला बसणं बंद. जिना एकेक पायरी, चढताना आधी बरा पाय वर. मांडी घालून भाकरी थापणं बंद केलं आणि ओट्यावर थापायला लागले. रात्री डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मधे जुनी गोधडी घडी करून. आणि एक युक्ती, जी मला कुणीच सांगितली नव्हती: चादरीवर कमरेखाली जुनी नायलॉनची साडी अंथरा. गुळगुळीत असल्यामुळे गुडघे जुळवून अख्खं अंग एकदम वळवता येतं. मला त्या साडीने झोप दिली. शेकायचं तर कुल्ल्यावर, सोसवेल इतक्याच गरम पिशवीने. पोटावर नाही. व्यायाम त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने दिले तेच केले, मार्जारासनासारखं हातागुडघ्यांवर येऊन कमर हळू वरखाली करणं त्यात होतं. तुमचे तुम्हाला तपासून देतील.

नॉर्मल होईल का? या दुखण्यामुळे सिझर करावंच लागतं असं नाही. बहुतेक बायका नॉर्मलच बाळंत होतात. आधीच एकदा झोपून, न दुखता गुडघे किती फाकवता येतात ते बघून ठेवा आणि लेबर रूममध्ये गेल्या गेल्या सांगा. कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर राहूनही कळा देता येतात.

माझं मात्र सिझर झालं. कळा सुरू झाल्या, पिशवी फुटली तर पाणी हिरवट, बाळाने आत शी केलेली, आणि प्रत्येक कळेला ठोके खाली जायला लागले. डॉक्टरांनी वेळ घालवला नाही, म्हणून माझी लेक आज पाचवीत आहे. पण आमच्या घरी बारशापासून आजपर्यंत एकच ऐकते मी: फरशी सोडली, पट्टा बांधला, म्हणून पोट फाडायला लागलं. माझ्या जाऊबाई नवव्या महिन्यापर्यंत फरशी पुसत होत्या, त्यांचंही सिझर झालं, बाळ आडवं होतं. त्याचा कुणी उल्लेख करत नाही. फरशी पुसल्याने बाळाचे ठोके सुधारत नाहीत आणि आडवं बाळ उभं होत नाही. फिरणं, हालचाल चांगलीच, मी कुठे नाही म्हणते? पण दुखणारा सांधा रगडणं म्हणजे व्यायाम नाही.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या पायाला तेल लावत बसले होते, तेव्हा आपणहून म्हणाल्या, "ह्याच्या येळंला मी रातीची मोरीपातूर रांगत जायाची. कुनाला सांगनार?" हा म्हणजे माझा नवरा, १९८३ चा. मी तेल लावायची थांबले. म्हणजे त्यांनाही होतं! त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं नाही. राग तेव्हा बराचसा गेला, पण माझं म्हणणं बदललेलं नाही. त्यांनी सोसलं ते नाइलाजाने. त्याचा नियम करून माझ्यावर किंवा तुमच्यावर का लादायचा?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि पोटातल्या पाण्याला बाधतात. मलम चोळण्याआधीही विचारा. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून घ्या. लघवी होईनाशी झाली किंवा कळायची थांबली, जांघेत-बैठकीच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेना, तर उद्यावर ढकलू नका. ताप, लघवीला जळजळ, रक्त, किंवा थांबून थांबून येणारी कळ असेल तर ते खुब्याचं दुखणं समजून घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि घरी परत फरशीचा विषय निघाला, तर लांब दांड्याचा मॉप आणायला सांगा आणि तो नवऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे त्या रविवारपासून हेच पुसतात.