पीआर सोडून साप्ताहिक काढताय?

पंधरा वर्षं साखर कारखान्याचा जनसंपर्क सांभाळून मी साप्ताहिक काढलं, त्यामुळे तुमची धास्ती कळते. नोंदणीचं टेन्शन घेऊ नका. १८६७ चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा लागू आहे. शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज आता सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच जातो.

खरी अडचण आपल्या हाताच्या सवयीची. प्रेसनोट लिहून लिहून बातमीतही ‘उत्साहात संपन्न झाला’ आपोआप उमटतं. माझ्या पहिल्याच अंकात असे चार कार्यक्रम ‘संपन्न’ झाले होते! वाचकाला वास लगेच येतो. जुन्या क्लायंटची बातमी दुसऱ्याकडून लिहून घ्या आणि पैसे घेतलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असं ठळक छापाच. पुढारी रुसतील, रुसू द्या.

ओळखी वाया जात नाहीत. वाढदिवसाच्या जाहिराती त्यांच्यावरच मिळतात, पण उधारी मागताना तीच ओळख आडवी येते. म्हणून आधी पैसे, मग पानावर जागा. वकिलांच्या जाहीर नोटिसा मिळवत राहा, तिथे शक्यतो रोखीनं काम होतं. आणि एजंटांकडून परत आलेले अंक दर आठवड्याला मोजा. मी दोन वर्षं मोजलेच नव्हते.