सेकंड लाइफमध्ये साध्या प्रिमपासून नियमित बहुफलक कसे बनवायचे?

तुम्ही विचारलंय की सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात ब्लेंडरसारखं बाहेरचं सॉफ्टवेअर किंवा त्यात बनवलेला मेश (आयता त्रिमितीय आकार) असलं काही न वापरता, बिल्ड म्हणजे बांधकामाच्या खिडकीतल्या साध्या प्रिमपासून (बॉक्स, गोळा असे मूळ ठोकळे) पाचही नियमित बहुफलक, म्हणजे सगळे फलक एकसारखे असलेले चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक, करता येतील का. शिवाय लिहिलंय की द्वादशफलकाच्या बारा पंचकोनी पाट्या जोडताना कोन जुळत नाहीत, फटी राहतात. करता येतात, पाचही. फक्त पाट्या जोडायचं सोडून द्या आणि छप्पर बांधायला घ्या.

मी मालवणचा. आमचं घर मंगलोरी कौलांचं, चौपाखी, म्हणजे छपराला चारही बाजूंना पाखं (उतार). काका सुतार, दर मे महिन्यात शाकारणीला मी त्यांच्या हाताखाली असायचो. ते म्हणायचे, "आधी आढ्याची लांबी धर, वासे मगे आपसूक बसतत." आढं म्हणजे छपराची सगळ्यात वरची आडवी कड. सेकंड लाइफमध्ये टेपरचे (प्रिम एका टोकाला निमुळता करणारे) आकडे बदलून पाहताना मला हेच वाक्य आठवलं आणि अडलेलं सगळं सुटलं.

बॉक्सच्या टेपरला एक्स आणि वाय असे दोन आकडे असतात. धन आकडा दिला की बॉक्स वरून निमुळता होतो, ऋण दिला की खालून. दोन्ही १ ठेवले तर चौकोनी पायाचं शिखर. एक्स १ आणि वाय ० म्हणजे दुपाखी छप्पर. एक्स १ आणि वाय ०.३८ म्हणजे चौपाखी, आढं घरापेक्षा आखूड. आणि एक्स १, वाय उणे १ केलं तर वरची कड एका दिशेला, खालची तिला काटकोनात, म्हणजे सरळ चतुष्फलकच! आकार एक्स १ मीटर, वाय १ मीटर, झेड ०.७०७ ठेवा. नियमित चतुष्फलकात समोरासमोरच्या कडांमधलं अंतर कडेच्या लांबीला २ च्या वर्गमुळाने भागून येतं, म्हणून तो आकडा. एका प्रिममध्ये काम झालं.

घन तर तयारच मिळतो. अष्टफलकाला दोन शिखरं लागतात, प्रत्येक १ × १ × ०.७०७. एक उलटं करून दुसऱ्याच्या खाली लावायचं, केंद्रांमधलं अंतर ०.७०७.

आता द्वादशफलक. मधे १ मीटरचा घन ठेवा आणि त्याच्या सहाही बाजूंवर एकेक चौपाखी छप्पर चढवा. छपराचा आकार १ × १ × ०.३०९, टेपर एक्स १, वाय ०.३८. प्रत्येक छपराचं केंद्र घनाच्या केंद्रापासून ०.६५४५ मीटरवर. आढ्यांच्या दिशा मात्र नीट सांभाळा: वरच्या-खालच्या छपरांची आढी वाय दिशेला, एक्सच्या दोन बाजूंची उभी, वायच्या दोन बाजूंची एक्स दिशेला. समोरासमोरची समांतर, शेजारची काटकोनात. हे जमलं की एका छपराचं लांब पाखं आणि शेजारच्या छपराचं त्रिकोणी पाखं एकाच सपाटीत येतात, मधली रेघ नाहीशी होते आणि तिथे पंचकोन दिसायला लागतो. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी कॅमेरा फिरवत कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. सात प्रिम, सगळी वळणं ९० किंवा १८० अंशांची. द्वादशफलकाच्या दोन फलकांमधला कोन ११६.५६५ अंशांचा असतो, तो कुठेही टाइप करावा लागत नाही, छपराच्या उतारातूनच येतो. युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी द्वादशफलक रचला तोही घनावरूनच, 'एलिमेंट्स'च्या १३व्या भागात.

खरं टेपर ०.३८२ हवं, पण खिडकी दोनच दशांश घेते. १ मीटरच्या घनावर आढ्यात २ मिलिमीटरचा फरक पडतो, डोळ्याला दिसत नाही.

विंशतिफलकाला लोक सगळ्यात घाबरतात, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. द्वादशफलकाची एक प्रत घ्या, लिंक केला (प्रिम एकत्र जोडले) असेल तर सोडवा आणि मधला घन काढून टाका. सहा छपरं जागची हलवू नका. प्रत्येकात दोनच आकडे बदला: आकारातला एक्स १ चा १.६१८ करा, आणि टेपर वाय ०.३८ चं उणे १. छपरांचे सहा चपटे चतुष्फलक होतात, त्यांची टोकं एकमेकांना बरोबर टेकतात आणि वीसपैकी बारा त्रिकोण तयार. कड बरोबर १ मीटर येते. जागा तीच, दिशा त्याच, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

उरतात आठ त्रिकोणी खिडक्या. त्या बुजवायला १ × ०.०१ × ०.८६६ आकाराचा बॉक्स, टेपर एक्स १, वाय ०. ही पाटी आडव्यापासून ५४.७४ अंशांनी कलती बसते, मग तिच्याच सपाटीत कोपरे जुळेपर्यंत फिरवायची. रुलर 'लोकल'वर ठेवा, म्हणजे प्रिम स्वतःच्याच अक्षांभोवती फिरवता येतो. एक गोष्ट इथे चुकते: प्रिम आपल्या उंचीच्या मध्याभोवती फिरतो, पण त्रिकोणाचं गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांशावर असतं, म्हणून फिरवल्यावर पाटी थोडी सरकवावीच लागते.

सरावाला ओपनसिम (सेकंड लाइफसारखं जग स्वतःच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून घ्या. टेपर तिथेही असंच चालतं आणि नेट लागत नाही. आमच्याकडे पावसात नेट गेलं की माझं काम त्यावरच सुरू राहतं.

लिंक करताना शेवटी निवडलेला प्रिम रूट (जोडलेल्यांतला मुख्य प्रिम) होतो, म्हणून द्वादशफलकात घन शेवटी निवडा. विंशतिफलकात मधे काहीच नसतं, तर केंद्रावर एक छोटा गोळा ठेवून त्याला रूट करा, म्हणजे फिरवताना आकार डगमगत नाही. मी गेल्या दिवाळीत त्या आठ खिडक्या उघड्याच ठेवल्या, गोळ्याला लाइट लावला आणि तिथल्या माझ्या घराच्या पडवीत तो आकाशकंदील म्हणून टांगला.