हिवाळ्यातली बाई आणि मागचं लंडन

प्रश्न: जुन्या पुस्तकात एक चित्र सापडलं, फरमध्ये गुंडाळलेली बाई, तोंडावर मुखवटा, मागे घरांची रांग, खाली इंग्रजीत ‘विंटर’. ऋतू दाखवायला शहर कशाला काढलंय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: अहो, भारी चित्र आहे हे तुमच्याकडे! वर्णनावरून तरी हे वेन्सेस्लॉस होलरचं वाटतंय, प्राग मध्ये जन्मलेला पण लंडनला जाऊन राहिलेला चित्रकार, त्याने 1643-44 मध्ये चार ऋतूंसाठी चार बायकांची चित्रं केली, तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढायच्या आणि मग पत्रा ऍसिडमध्ये टाकायचा, अशी ती पद्धत. फरचा एकेक केस बघा, भिंग घेऊन बघा!

आता शहराचं. मागे दिसतो तो लंडनमधला कॉर्नहिलचा रस्ता आणि रॉयल एक्स्चेंजचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बाजाराचा मनोरा. लंडनच्या 1666 च्या मोठ्या आगीत ते सगळं जळालं, म्हणजे फॅशनचं म्हणून काढलेलं चित्र आज गेलेल्या शहराचा पुरावा झालंय. मला तर बाईपेक्षा तो मागचा रस्ताच जास्त आवडतो. उन्हाळ्याच्या चित्रात असंच सेंट जेम्स पार्क आहे.

आणि ऋतू शहरातच तर दिसतो ना, आपल्याकडे गोदेला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं का छातीला यावरच सगळं नाशिक पावसाळा मोजतं, रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात. कोणीतरी हे महिन्यागणिक काढायला हवं, तुम्हीच घ्या की मनावर.