आई मदतनीस ताईंना अंगाला हात लावू देत नाहीत: चौथी बाई बघण्याआधी

तुम्ही लिहिलंय की आईंना मधल्या टप्प्यातला अल्झायमर आहे, ब्युरोकडून १२ तासांची मदतनीस ठेवली आहे, आंघोळीला नेलं की आई ओरडतात, मारतात. दोन महिन्यांत तीन जणी झाल्या, आता चौथी बघायची का?

नको. आत्ताच्या ताई धसमुसळ्या नसतील तर त्यांनाच टिकवा. या आजारात नाव आणि कालची घटना आधी जाते, पण ओळखीचा आवाज, हात लावायची पद्धत, कामांचा ठरलेला क्रम यांची सवय बऱ्याच उशिरापर्यंत लागू शकते. माणूस बदलला की ती पुन्हा पहिल्यापासून लावायची. ब्युरोशी बोलताना पहिली अट हीच घाला: रोज तीच व्यक्ती, सुट्टीला ठरलेली एकच बदली, आणि त्या बदलीने आधी एक दिवस सोबत राहून काम बघायचं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. हा विरोध हळूहळू वाढत गेला की दोन-तीन दिवसांत एकदम सुरू झाला? एकदम असेल, मधूनच गुंगी किंवा नेहमीपेक्षा जास्त गोंधळ असेल, तर तो डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) वाढल्यामुळे नसण्याची शक्यता मोठी. युरिन इन्फेक्शन, साचलेली बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नवीन औषध, यांपैकी काहीतरी बऱ्याचदा निघतं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. सर्दीच्या किंवा झोपेच्या साध्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिनसुद्धा गोंधळ वाढवतं. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं, दुखणं. ब्लाउज किंवा गाऊन काढताना हात वर केला की ओरडतात का? मग भांडण आंघोळीशी नाही, खांद्याशी आहे. त्यांना सांगता येत नाही, म्हणून बघून ओळखायचं. यासाठी पेनॅड (PAINAD) नावाची, दुखण्याला गुण द्यायची मोजपट्टी आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंग आखडणं आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०; गुण जास्त तर दुखणं जास्त. ताईंना ती शिकवता येते. गुण आंघोळीच्या वेळीच चढत असतील तर आधी वेदनाशामक द्यायचं का आणि किती वेळ आधी, ते डॉक्टरांना विचारा.

आता आंघोळ. रोज पूर्ण आंघोळ व्हायलाच हवी हा हट्ट सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. बाकी दिवशी चेहरा, काखा, छातीखालची घडी, जांघा आणि खालची जागा कोमट पाण्याने पुसून नीट कोरडी केली की त्वचा चांगली राहते.

आंघोळीच्या दिवशी आई आत यायच्या आधीच सगळं मांडून ठेवायचं: दोन मोठे टॉवेल, घालायच्या क्रमाने कपडे, साबण, मऊ फडकं. साबण राहिला म्हणून ताई बाहेर गेल्या, तर पडण्याचा धोका नेमका तेव्हाच. बादली आधीच भरलेली हवी, कारण नळाचा आवाज दणाणतो. एक्झॉस्टचा पंखा बंद. पाणी ३७-३८ अंश. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, तळहातावर भरवसा नको. बसायला पाठीची आणि हातांची खुर्ची, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर माणूस पडण्याच्या भीतीने जे हाताला लागेल ते घट्ट धरतो, आणि ते बऱ्याचदा ताईंचे केस असतात.

मोठा टॉवेल खांद्यांवरून पांघरलेला ठेवायचा आणि त्याच्या आतून धुवायचं. एका वेळी एकच भाग उघडा. सुरुवात पायांपासून, मग हात, पाठ, खालची जागा. चेहरा सगळ्यात शेवटी, केस वेगळ्या दिवशी. डोक्यावरून अचानक आलेलं पाणी हेच बऱ्याच भांडणांचं मूळ असतं.

“आंघोळ करायची का?” असं विचारू नका, उत्तर “नाही”च येणार. “या, पाय धुऊ या” एवढंच. समोरून, त्यांच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोलायचं. मागून किंवा बाजूने हात लावायचा नाही. फडकं आईंच्या हातात द्या आणि ताईंनी आपला हात त्या हाताखाली ठेवून हळूच चालवावा. मनगट पकडलं तर ओढून सोडवू नये, ओढलं की पकड आवळते. चिडायला लागल्या की थांबायचं, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायचं, २०-३० मिनिटांनी पुन्हा. दोघींनी धरून आंघोळ उरकली तर आजची उरकते, पण पुढच्या वेळी आई दारातच अडतात.

बाथरूमही एकदा आईंच्या नजरेने बघा. गडद पायपुसणं त्यांना खड्डा वाटू शकतं, चकचकीत फरशी पाणी वाटते, आरशातली बाई परकी वाटते. पायपुसणं उचला, आरसा झाका. पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड दिसत नाही, त्यावर रंगीत सीट लावा.

रिवास्टिग्मिनचा पॅच (अल्झायमरच्या औषधाची त्वचेवर लावायची चिकटपट्टी) चालू असेल तर इथे जपा. घरच्या देखभालीत होणारी एक धोक्याची चूक म्हणजे जुना न काढता नवा लावणं. दोन-तीन पॅच एकदम अंगावर राहिले तर उलट्या होतात, नाडी मंदावते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. जुना काढा, मगच नवा. जागा दुसरी, आणि तीच जागा १४ दिवस पुन्हा नाही. तेल किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर तो चिकटत नाही. कुठे आणि कधी लावला ते तक्त्यावर लिहा, आणि हे काम दिवसपाळी-रातपाळीत विभागू नका, एकाच्याच हातात ठेवा.

आंघोळीपुरती “शांत करणारी गोळी” मागू नका. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा; डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक औषधाने अंग भयंकर आखडू शकतं.

ब्युरोला आपण कामांची यादी देतो, पण माणसाची माहिती कोणीच देत नाही. एक पान लिहून कपाटाच्या आत चिकटवा: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणत्या कानाने ऐकू येतं, चष्मा कधी लागतो, आधी काय काम करायच्या, कशाने शांत होतात, कुणाच्या मृत्यूचा विषय काढायचा नाही. संध्याकाळी “मला घरी जायचंय” म्हणाल्या तर “हेच तर घर” असा वाद न घालता “घरी कोण कोण असतं?” विचारायचं, आणि लघवी, भूक, अंधार यांपैकी काही आहे का बघायचं. दिवे मावळतीच्या आधी लावा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत.

एका वहीत तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, काय झालं, नंतर कशाने थांबलं. आठवडाभराच्या नोंदींत बहुतेकदा एकच वेळ किंवा एकच कृती पुन्हा पुन्हा सापडते. पहिले तीन-चार दिवस ताईंना आंघोळीला हातच लावू देऊ नका. नुसतं शेजारी बसणं, कपड्यांच्या घड्या घालणं. मग सवय लागायला दोन-तीन आठवडे धरा. १२ तासांत त्यांना दोनदा सलग अर्धा तास सुट्टी हवी आणि तेव्हा घरच्या कोणीतरी ताबा घ्यायचा. दमलेल्या माणसाचा हात आपोआप घाईचा होतो.

दंडावर बोटांचे वळ दिसले, ताई खोलीत आल्या की आई अंग चोरू लागल्या किंवा झोपेच्या गोळ्या हिशेबापेक्षा लवकर संपायला लागल्या, तर मात्र दोन-तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बाई बदला आणि ब्युरोला कारण लेखी कळवा.