फॉर्म अप्रूव्ह झाला, मग पैसे कुठायत?

यावेळच्या टपालात आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न फीचेच आहेत. कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागल्या की दरवर्षी हेच होतं, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त शिष्यवृत्ती, फीमाफी आणि कर्ज.

मुलीला कॅपमधून पुण्यातल्या प्रायव्हेट कॉलेजात इंजिनिअरिंग मिळालंय, आम्ही ईडब्ल्यूएस. मुलींना फी माफ आहे म्हणतात आणि कॉलेज म्हणतंय आधी सगळी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. नक्की माफ काय आहे? – एक आई, लातूर

ताई, माफी खरी आहे. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सेसना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, आधी ते ५० टक्के होतं. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि ॲडमिशन कॅपमधूनच झालेली हवी, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. पण बातम्यांमध्ये 'मुलींना शिक्षण मोफत' एवढंच सांगतात आणि मग कॉलेजच्या खिडकीवर पन्नास-साठ हजारांचा आकडा ऐकला की आईबाप हबकतात, कारण डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, बस हे काही त्या माफीत येत नाही. प्रायव्हेट कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार आकडे असतात, ते बघूनच कॉलेजात जा म्हणजे त्यातली शिक्षण शुल्क किती आणि डेव्हलपमेंट किती हे तुम्हालाच माहीत असेल.

'आधी भरा'चं म्हणाल तर पात्र मुलींकडून ही रक्कम आधी वसूल करू नका असं सरकारने कॉलेजांना सांगितलेलंय. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की साहेब, हे मला लेखी द्या. बऱ्याच ठिकाणी सूर तिथेच बदलतो. नाहीच बदलला तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. फक्त भांडता भांडता सीट कन्फर्म करायची तारीख घालवू नका हां, तारीख उद्यावर आली असेल तर जमेल तेवढी कमीत कमी रक्कम भरा आणि कशाकशाचे किती ते वेगवेगळं लिहिलेली पावती घ्या, नुसत्या एकरकमी पावतीवर नंतर परतावा मागणं फार अवघड जातं.

माझा महाडीबीटीचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म कॉलेजकडून आणि पुढूनही अप्रूव्ह झालाय, मित्रांचे पैसे आले, माझे नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात आधार लिंक आहे. – बी.एस्सी. दुसरं वर्ष, परभणी

बँक खोटं बोलत नाहीये, पण तू जे विचारलंस त्याचंच उत्तर तिने दिलंय. खात्याला केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे यायला ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले पेमेंट चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत आधारशी सीड झालेलं असणं वेगळं. डीबीटीचा पैसा खाते नंबर बघून येतच नाही, तो आधार नंबरवर येतो आणि त्या आधारला शेवटचं जे खातं सीड झालंय तिकडे जातो. म्हणजे तुझी चार खाती असली तरी पैसा एकाच खात्यात पडणार, आणि ते कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातंही असू शकतं जे तुला आठवतही नसेल!

आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, दोन मिनिटांचं काम आहे, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह ते दिसतं. दुसरीच बँक दिसली तर आधी तिथलं स्टेटमेंट काढ, पैसे बहुतेक तिकडेच पडलेले असतील. काहीच नसेल किंवा इनॲक्टिव्ह असेल तर आपल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरून दे, 'लिंक' म्हणू नको, 'सीडिंग' म्हण. शाखेत फारच टोलवाटोलवी चालली असेल तर पोस्टात जाऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तेच सीड करून घे. आणि खातं बरेच महिने वापरलं नसेल तर शंभर रुपये तरी भरून ते चालू ठेव.

वडील क्लार्क, थोडी शेती, आई अंगणवाडीत. नॉन-क्रिमिलेअर सहज मिळालं पण फीमाफीला उत्पन्न जास्त म्हणून अडवलं. नॉन-क्रिमिलेअरची मर्यादा पण ८ लाखच ना? – सातारा

आकडा तोच, मोजायची पद्धत वेगळी. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे आरक्षणासाठी कुटुंब सधन गटात नाही असा दाखला, काढताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, तिथे वडिलांचं पद कुठल्या वर्गातलं आहे ते बघतात. फीमाफीला मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार, शेती, आईचं मानधन सगळं येतं. तो दाखला ८ लाखांच्या वर गेला असेल तर नॉन-क्रिमिलेअर हातात असूनही फीमाफी नाही. उत्पन्न कमी दाखवून दुसरा दाखला आणून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, पगार फॉर्म १६ मध्ये दिसतोच.

उत्पन्न साडेआठ लाख, सगळ्याच योजनांमधून बाहेर. मुलाला चार वर्षांत ५ लाख लागतील. कर्ज घ्यावं का? – शिक्षक, नाशिक

सर, घ्या, पण व्याज समजून घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची गॅरंटी योजना आहे, त्यात तारण लागत नाही, त्यामुळे घराचे कागद आणा असं कोणी म्हणालं तर का ते विचारा. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, ती ठरावीक चांगल्या रँकिंगच्या संस्थांपुरती आहे, मुलाचं कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. त्यातली ३ टक्के व्याजसवलत ८ लाखांच्या आतल्यांना आहे, तुमची ती जाईल, पण तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं.

हप्ते कोर्स संपून एक वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून. दरवर्षी सव्वा लाख उचललं आणि दर १० टक्के धरला तर हप्ता सुरू होईपर्यंत साध्या व्याजानेच १ लाख ७५ हजार होतात. ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढतं, म्हणून जमत असेल तर शिकत असतानाच दर महिन्याला निदान व्याज भरत जा. पुढे ८ वर्षं व्याजावर ८०ई खाली करवजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, नव्यात नाही.

सायबर कॅफेवाला फॉर्मचे पंधराशे मागतो. द्यावे का? – जालना

महाडीबीटीवर अर्ज फुकट आहे. स्कॅनिंगचे, प्रिंटचे काय ते द्या. पण लॉगिन आणि मोबाइल नंबर आपलाच टाका, त्याचा नाही. फॉर्म त्रुटी काढून परत आला की मेसेज त्या नंबरवर जातो, आणि तो नंबर कॅफेवाल्याचा असला तर तुम्हाला कळेपर्यंत मुदत संपलेली असते.