तुमचे प्रश्न : साध्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग

या वेळी ओव्हरक्लॉकिंगविषयीचे, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याविषयीचे, प्रश्न एकत्र घेतले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे चार किंवा सहा कोअरचा कमी किमतीचा प्रोसेसर आणि त्याच्याबरोबर खोक्यातून आलेला कूलर आहे. उत्तरं तेवढंच गृहीत धरून दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ३ ३१०० आणि ए५२० मदरबोर्ड आहे. भावाकडे कोअर आय३-१२१००एफ आणि बी६६० बोर्ड. बायोसमध्ये मल्टिप्लायर बदलायची जागा दोघांनाही सापडत नाही. नेमकं कुठे शोधायचं?

उत्तर : शोधण्यात वेळ घालवू नका, दोन्ही ठिकाणी ती सोय नाही. (बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा, मदरबोर्डच्या सेटिंगचा पडदा. मल्टिप्लायर म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा.) ओव्हरक्लॉकिंगला प्रोसेसर आणि चिपसेट (मदरबोर्डवरची नियंत्रक चिप) या दोघांचीही परवानगी लागते. तुमच्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर खुला आहे, पण ए३२०, ए५२० आणि ए६२० या चिपसेटांवर कोअरचा वेग वाढवता येत नाही. तुमच्या सॉकेटसाठी बी४५० किंवा बी५५० बोर्ड लागेल. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावात ‘के’ आणि चिपसेटच्या नावात ‘झेड’ असावा लागतो. भावाच्या मशीनमध्ये दोन्ही नाहीत. काही मोजक्या बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक वाढवून वाट काढता येते, पण नवख्याने तिकडे वळू नये. बहुतेक बोर्डांवर बेस क्लॉकबरोबर पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाचा, क्लॉकही सरकतो. मग एसएसडी मध्येच गायब होते किंवा फायली खराब होतात.

मात्र दोघांच्याही हातात एक गोष्ट आहे आणि बऱ्याच मशीनवर ती दुर्लक्षित असते, ती म्हणजे रॅम. ‘३२००’ असं लिहिलेली डीडीआर४ रॅम लावली, तरी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सोय) सुरू केल्याशिवाय ती बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ‘मेमरी’ या पानावर डीरॅम फ्रिक्वेन्सी पाहा. तिथे खऱ्या वेगाचा निम्मा आकडा दिसतो, म्हणून ३२०० साठी १६०० दिसायला हवेत. १०६६ दिसले तर रॅम २१३३ वर अडकली आहे. एकच कांडी असेल तर तशीच दुसरी घ्या आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावा. खेळ खेळणाऱ्याला या दोन गोष्टींनी जेवढा फरक जाणवतो, तेवढा फरक साध्या प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगने सहसा जाणवत नाही.

प्रश्न : रायझन ३ ३१००, बी४५० बोर्ड, मूळ रेथ स्टेल्थ कूलर. पहिल्यांदाच करतो आहे. पायरीपायरीने सांगाल का? ४.५ गीगाहर्ट्झ गाठता येईल का?

उत्तर : ४.५ डोक्यातून काढून टाका. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर बंदिस्त होता. पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा. म्हणजे चक्क दीडपट. ओव्हरक्लॉकिंगबद्दलच्या अपेक्षा अजूनही त्या काळातल्या आहेत. आजचा प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ चालतो, कारण बूस्ट, म्हणजे प्रोसेसरची आपोआप वेग वाढवण्याची सोय, ते काम आधीच करतं. ३१०० चा बूस्ट ३.९ आहे. या कूलरवर ४.१ ते ४.२ स्थिर मिळालं तर काम उत्तम झालं असं समजा.

सुरुवात बायोसमध्ये करू नका, विंडोजमध्ये करा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज आणि वेग दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू ठेवून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर ताण देऊन गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि चार आकडे कागदावर लिहा : गुण, सर्वाधिक तापमान, ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ आणि ‘सीपीयू कोअर व्होल्टेज (एसव्हीआय२ टीएफएन)’. हे आकडे नसतील तर पुढे फायदा झाला की तोटा, हे कळायला मार्ग उरत नाही. याच चाचणीत तापमान ८० अंशांवर गेलं, तर आधी पंख्यावरची धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट बदला आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती करा. तोवर ओव्हरक्लॉकिंग थांबवा.

आता सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. एक्सएमपी तात्पुरतं बंद करा. रॅम आणि प्रोसेसर एकदम ताणले तर चूक कोणाची हे शोधता येत नाही. सीपीयू रेशो, म्हणजे मल्टिप्लायर, ४०.०० करा. १०० गुणिले ४० म्हणजे ४ गीगाहर्ट्झ. कोअर व्होल्टेज ‘ऑटो’वर मुळीच सोडू नका. मल्टिप्लायर हाताने लावल्यावर काही बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात आणि स्वस्तातला कूलर तिथेच हरतो. ते १.२५ व्होल्टवर पक्कं करा, एफ१० दाबून जतन करा आणि विंडोजमध्ये पुन्हा दहा मिनिटं सिनेबेंच चालवा.

पास झालं तर ४१, मग ४२. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवा. चाचणी मध्येच बंद पडली, निळा पडदा आला किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तर व्होल्टेज ०.०१२५ ने वाढवून तोच वेग पुन्हा तपासा. ताणाखाली १.३ व्होल्ट किंवा ८५ अंश यांपैकी जे आधी येईल तिथे थांबा. मग एक पायरी मागे या आणि तिथे राहा. प्रत्येक चिप वेगळी असते. एकीला ४.२ साठी १.२२ पुरतात, दुसरी १.३ वरही अडखळते. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवू नयेत ते यासाठीच.

मध्येच थांबायला सांगण्यामागे साधा हिशेब आहे. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३.९ गीगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून ४.२ आणि १.३ वर गेलात तर वेग सुमारे ८ टक्के वाढतो, वीज आणि उष्णता सुमारे २६ टक्के. आणखी १०० मेगाहर्ट्झसाठी १.४ व्होल्ट द्यावे लागले तर मूळच्या तुलनेत वेग १० टक्के वाढलेला असतो आणि उष्णता ५० टक्के. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झची किंमत ही अशी चुकवावी लागते.

बायोसमध्ये १.२७५ लावले आणि ताणाखाली १.२३ दिसले तर घाबरू नका. ताण आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते सावरायला लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं, ते मधल्या पातळीवर ठेवा. पण काही बोर्डांवर १ ही पातळी सर्वांत कडक असते, काहींवर सर्वांत सौम्य. बायोसमध्ये बाजूला आलेख दिसत असेल तर तो पाहूनच निवडा. सर्वांत कडक पातळीवर ताण सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोत दिसतही नाही.

शेवटची परीक्षा म्हणून प्राइम९५ या ताण देणाऱ्या प्रोग्रॅमचं ‘स्मॉल एफएफटी’ तासभर चालवा. त्यात तापमान सिनेबेंचपेक्षा जास्त चढतं, म्हणून पहिली पाच मिनिटं समोर बसून आकडे पाहा. मशीन बंद पडलं नाही म्हणजे पास झालं, असं समजू नका. प्रत्येक धाग्याच्या (थ्रेडच्या) खिडकीत ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ आली आहे का, ते तपासा. ती आली असेल तर त्या कोअरने गणित चुकवलं आहे. असं मशीन वरवर नीट चालतं, पण दोन महिन्यांनी झिप फाइल उघडत नाही किंवा विंडोजचं अपडेट बिघडतं आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. या चाचणीनंतर एक्सएमपी पुन्हा सुरू करा आणि मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पूर्ण फेरी घ्या.

स्वस्त बोर्डावर आणखी एक जागा तापते : सॉकेटच्या डावीकडचा वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे व्हीआरएम. काही बोर्डांवर त्याला हीटसिंकच नसतो. चाचणी चालू असताना प्रोसेसर ७० अंशांवर आहे, तरी वेग अचानक अर्ध्यावर किंवा त्याहून खाली येतो आणि परत चढतो, असं दिसलं तर व्हीआरएमवर संशय घ्या. तिथे हवा पोचेल असा पंखा लावा किंवा व्होल्टेज उतरवा.

प्रश्न : काहीच बदललं नव्हतं तेव्हा एचडब्ल्यूइन्फो १.४५ व्होल्ट दाखवत होतं. मग हाताने लावताना १.३ ची मर्यादा कशाला?

उत्तर : हा घोटाळा अनेकांचा होतो आणि त्यापायी लोक १.४५ पक्के लावून बसतात. ऑटोमध्ये ते १.४५ एखाद्या कोअरला, हलक्या कामात, क्षणभर मिळतात. तेव्हा विजेचा प्रवाह कमी असतो. सगळ्या कोअरवर ताण आला की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज पुष्कळ खाली आणतो. तुम्ही आकडा पक्का केला की ही राखण संपते. तेच १.४५ आता सगळ्या कोअरवर, पूर्ण प्रवाह आणि पूर्ण उष्णतेसह, तासन्‌तास बसतात. जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि उष्णता एकत्र आली की चिपमधल्या बारीक तारांची झीज वेगाने होते. आधी १.२५ वर स्थिर असलेला वेग काही महिन्यांनी १.२७५ मागू लागला, तर ही झीज सुरू झाली आहे असं ओळखा आणि वेग कमी करा.

प्रश्न : रायझन ५ ३६०० सगळ्या कोअरवर ४.१ केला. सिनेबेंचचे गुण वाढले, पण खेळ उलट किंचित मंद वाटतात. असं कसं?

उत्तर : असंच होतं. ३६०० एक-दोन कोअरवर मूळचाच ४.२ पर्यंत जातो. तुम्ही सगळ्यांना ४.१ वर बांधलं, म्हणजे बूस्ट बंद केलं. ज्या खेळाचा भार एक-दोन कोअरवर असतो त्याचं नुकसान झालं. ३१०० ला पक्का वेग परवडतो, कारण त्याचा बूस्टच ३.९ आहे. ३६०० ला परवडत नाही. सगळं ऑटोवर आणा, रॅम ३६०० वेगाची असेल तर ती एक्सएमपीवर आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा मार्ग) १८०० वर ठेवा, आणि खर्च करायचाच असेल तर चांगल्या कूलरवर करा.

प्रश्न : रायझन ५ ५६०० वर कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना उणे ३० लावला. चाचण्या पास होतात, पण मशीन रिकामं असताना रीस्टार्ट होतं.

उत्तर : उणे ३० हे शेवटचं टोक आहे, सुरुवात तिथून करत नाहीत. या सोयीत प्रत्येक वेगासाठीचं व्होल्टेज थोडं उतरवलं जातं. पूर्ण ताणात वेग कमी असल्याने ते पुरतं. मशीन रिकामं असताना मात्र एखादा कोअर क्षणभर ४.४ वर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम उघडा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची १८ क्रमांकाची नोंद असेल तर कारण हेच. सगळे कोअर उणे १० वर आणा. मग कोअरसायकलर रात्रभर चालवा. ते एकेका कोअरला आळीपाळीने ताण देतं आणि चुकलेला कोअर नावानिशी सांगतं. जे टिकतात त्यांना पाच-पाचने खाली न्या, जो चुकतो त्याला पाचने वर आणा. बायोसने ज्यांना उत्तम ठरवलं आहे तेच दोन कोअर व्होल्टेज बहुधा सर्वांत कमी उतरवू देतात, कारण सर्वांत उंच उडी त्यांनाच मारावी लागते.

प्रश्न : बदल जतन केले आणि आता पडदा काळाच. पंखे फिरतात. प्रोसेसर गेला का?

उत्तर : बहुधा नाही. आधी तीन मिनिटं काहीही न करता थांबा. बरेच बोर्ड दोन-तीनदा अपयशी ठरल्यावर स्वतःच मूळ आकड्यांवर येतात. नाही आले तर मागचा वीजपुरवठ्याचा स्विच बंद करा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका आणि बोर्डावर सीएमओएस क्लिअर असं लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. त्यानंतर तारीख, एक्सएमपी आणि बूटचा क्रम पुन्हा लावावा लागेल. ड्राइव्हवर बिटलॉकर असेल तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवल्याशिवाय बायोसला हातच लावू नका.

प्रश्न : वॉरंटीचं काय?

उत्तर : ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी किंवा इंटेल भरून देत नाहीत. एएमडीच्या प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या बूस्टची मर्यादा वाढवणाऱ्या सोयीलाही हाच नियम आहे, जरी ते बायोसमध्ये एका क्लिकवर असलं तरी.

प्रश्न : नवा कूलर आणला आहे. जुना काढताना काय सांभाळू?

उत्तर : एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे वर आलेल्या रायझन प्रोसेसरांच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि वरून धरून ठेवणारी पट्टी नसते. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कूलरबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं सिनेबेंच चालवून पेस्ट मऊ करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट वाटाण्याएवढी मधोमध पुरे. ती बोटाने पसरू नका, कूलरच्या दाबाने पसरू द्या.