पालेर्मोची पाटवडी, कतानियाची वांगी : सिसिलीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की इटलीला गेलात तर रोम-व्हेनिस थोडं कमी करा आणि खाली सिसिलीत उतरा. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी दुसरं काही घेतच नाही. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा दोन मैत्रिणींबरोबर, तेवढ्यावरच सांगतेय.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सांगलीचे, वय ६२ आणि ५८. मुलगा म्युनिकला असतो, ऑक्टोबरात त्याच्याकडे चाललोय, तिथून दहा दिवस सिसिलीला जाऊन यावं असं म्हणतोय. टूरवाले आठ दिवसांत अख्खं बेट दाखवतो म्हणतात. आणि आम्ही शाकाहारी आहोत हो, अंडं चालतं पण मासे-मटण नाही. पुन्हा खाकरे आणि मेथीचे ठेपलेच का?

उत्तर : खाकरे न्या, विमान लेट झालं की कामाला येतात, पण सिसिलीचं मुख्य शहर पालेर्मो, तिथे पोचल्यावर ते बॅगेतच राहतील याची मी गॅरंटी देते. कारण तिथे रस्त्यावर चक्क बेसन मिळतं. पानेल्ले म्हणतात त्याला. बल्लारोच्या बाजारात एका गाडीवर मी उभी राहून बघितलं, बेसन पाण्यात घोटून घट्ट शिजवलेलं, थापून गार केलेलं, त्याचे पातळ चौकोनी काप तेलात सोडले की टम्म नाही पण कडेने फुगतात, मग त्या माणसाने तीळ लावलेला पाव मधोमध चिरला, पाच-सहा काप कोंबले, मीठ भुरभुरवलं, लिंबू पिळलं आणि हातात दिलं. पहिला घास घेतला आणि म्हटलं अरे ही तर आपली पाटवडी! फक्त फोडणी नाही, मिरची नाही, वरून खोबरं-कोथिंबीर नाही, पण घोटताना गुठळी झाली तर सगळं बिघडतं हे त्यांनाही माहीत आहे. नवरा म्हणाला वडापावच आहे, चटणी विसरलाय. तर मिरचीची चटणी छोट्या डबीत न्या, खाकऱ्यांपेक्षा ती जास्त उपयोगी.

दुसरं म्हणजे वांगी. वांगं मूळ आपल्याकडचं, अरबांबरोबर ते तिकडे गेलं, आणि सिसिलीवाल्यांनी त्याचं जे केलंय ते बघून मला जरा हेवाच वाटला. कापोनाता मागवा, तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स, टोमॅटो, त्यात व्हिनेगर आणि साखर, म्हणजे आंबट-गोड, आणि ती गरम नाही, गार खायची. पूर्व किनाऱ्यावरच्या कतानियाकडे पास्ता आल्ला नोर्मा, तळलेली वांगी, टोमॅटो, बेसिल आणि वर खारवलेला रिकोत्ता म्हणजे एक चीज किसून. हे नाव तिथल्याच बेल्लिनी या संगीतकाराच्या 'नोर्मा' ऑपेरावरून पडलंय.

आता फसायच्या जागा, नीट वाचा. आरांचीना नावाचा भाताचा तळलेला गोळा सगळीकडे दिसेल, त्यात खिमा असतो हे आपल्याला कळतं, पण 'बुर्रो' म्हणजे लोणीवाला घेतला तरी त्यात बरेचदा हॅम असतं, पालकवाला आहे का ते विचारा. स्फिंचोने नावाचा जाड पिझ्झा मागताना अँचोवी म्हणजे बारीक मासा आहे का विचारायचं. कान्नोलीचं कवच जुन्या पद्धतीने करताना डुकराची चरबी घालतात, आणि बऱ्याच जुन्या चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, तुमचं किती कडक आहे ते तुम्ही ठरवा. पानेल्लेच्या गाडीशेजारी प्लीहेचे काप भरलेला पावही विकतात, तो लांबून ओळखायला शिका. नुसतं 'वेजेतारियानो' म्हणून थांबू नका, मला त्यावर टूना घातलेलं सॅलड आलं होतं आणि वेटरचा चेहरा अगदी निरागस! 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' म्हणा, मांस नको मासा नको, एवढं पाठ करा.

आणि टूर घेऊ नका. सिसिली भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं बेट आहे, पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, आठ दिवसांत अख्खं म्हणजे रोज बस आणि रोज बॅग भरा. पाच रात्री पालेर्मो, पाच रात्री आग्नेय किनाऱ्यावरचं सिराकुसा, बस्स. पालेर्मोहून अग्रिजेंतोला ट्रेनने दोन-सव्वादोन तास, देवळांची दरी एका दिवसात होते. दरी म्हणतात पण आहे ती टेकडीच्या धारेवर, म्हणून टोपी आणि चांगले बूट हवेत, काकूंचे गुडघे दुखत असतील तर वरच्या गेटने शिरून उतरत या. तिथलं कॉन्कॉर्दियाचं देऊळ जवळपास २४०० वर्षांपूर्वीचं आणि जवळजवळ अखंड, कारण सहाव्या शतकाच्या शेवटी त्याचं चर्च झालं, वापरात राहिलं म्हणून वाचलं. बाकीच्यांचे दगड लोकांनी नेले.

प्रश्न : मी ठाण्याचा, एम.ए. इतिहास करतोय. पैसे साठवून एकदाच जाणार, हॉस्टेलमध्ये राहणार. नुसते पडके खांब बघायला नकोत, असं काही सांगा की वाटलं पाहिजे इथे यायलाच हवं होतं.

उत्तर : ठाण्याचा आहेस म्हणून तुला दोन उत्तरं.

पहिलं, सिराकुसातलं कॅथेड्रल. ओर्तिजा नावाचं छोटं बेट आहे, पुलावरून चालत जायचं, मधल्या चौकात पांढरंशुभ्र बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या भरगच्च नक्षीच्या शैलीतलं चर्च दिसतं, समोरून बघशील तर म्हणशील असली युरोपात ढिगाने आहेत. मग डावीकडच्या गल्लीत वळ आणि भिंतीकडे बघ. भिंतीतून ग्रीक खांब बाहेर आलेत! इसवी सन पूर्व पाचव्या शतकातलं अथीनाचं देऊळ आहे ते, ख्रिश्चनांनी खांबांच्या मधल्या जागा चिणून भिंत केली आणि आतल्या गाभाऱ्याच्या भिंतीत कमानी काढल्या, नंतर अरब आले तेव्हा मशीद, उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन आले तेव्हा पुन्हा चर्च, आणि १६९३ च्या मोठ्या भूकंपानंतर समोरचा बरोक मुखवटा. आत गेल्यावर तो जाडजूड डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक पद्धतीचा खांब हाताला लागतो, गार असतो आणि हात पोचतो तेवढा भाग गुळगुळीत. मी गेले तेव्हा शेजारी एक म्हातारी मेणबत्ती लावत होती. पडका खांब नाही तो, अजून छप्पर तोलतोय. आर्किमिडीज याच गावचा, इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी गाव घेतलं तेव्हा मारला गेला.

दुसरं, पालेर्मोचा राजवाडा. आतलं कापेल्ला पालातिना चुकवू नकोस, दुसरा रॉजर नावाच्या नॉर्मन राजाने बांधलेलं, भिंतींवर बायझंटाईन सोनेरी मोझेक, आणि मान वर केलीस की लाकडी छत अरब कारागिरांच्या पद्धतीचं. याच रॉजरच्या पदरी अल-इद्रिसी नावाचा भूगोलकार होता, त्याने ११५४ मध्ये जगाच्या नकाशांचा ग्रंथ पुरा केला, नकाशात दक्षिण वर. आणि त्या ग्रंथात ठाण्याचं वर्णन आहे, खाडीवरचं छान गाव म्हणून, आणि जवळच्या डोंगरातल्या वंशलोचनाचं, म्हणजे बांबूत मिळतं ते. सोपाऱ्याचाही उल्लेख आहे. नऊशे वर्षांपूर्वी पालेर्मोत बसून कुणीतरी तुझं गाव लिहून ठेवलंय, तर तू जायलाच हवंस ना. राजवाड्यावर कधी कधी सरकारी कार्यक्रमासाठी काही भाग बंद असतो, आदल्या दिवशी बघून जा.

प्रश्न : माफियाची भीती वाटते. दोघी मैत्रिणीच जाणार आहोत.

उत्तर : पर्यटकाशी त्यांना घेणंदेणं नाही, पाकीटमारांना आहे, तेव्हा बाजारात पर्स पुढे घ्या आणि बिनधास्त जा. पण माफिया म्हणजे टी-शर्टवरची गंमत असं समजू नका. पालेर्मोचा विमानतळ फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो या दोन न्यायाधीशांच्या नावाने आहे, दोघांनाही १९९२ मध्ये बॉम्बने मारलं, दोन महिन्यांच्या आत. काही दुकानांच्या दारावर 'आद्दिओपिझ्झो' असा स्टिकर दिसेल, म्हणजे आम्ही खंडणी देत नाही. खरेदी तिथे करा.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का? आणि मुलांची शाळा असल्याने आम्हाला मे-जूनच्या सुट्टीतच जमतं, की दिवाळीत जावं?

उत्तर : दोन मोठ्या शहरांत राहणार असाल तर गाडी नको. आम्ही एकदा घेतली आणि जुन्या गावात झेडटीएल म्हणजे फक्त रहिवाशांना परवानगी असलेल्या भागात शिरलो, कॅमेऱ्याने फोटो काढला, आम्हाला पत्ताच नाही. चार महिन्यांनी पुण्यात बसलेलो असताना कार्डावरून भाड्याच्या गाडीवाल्याने आमचं नाव-पत्ता तिथल्या अधिकाऱ्यांना कळवल्याबद्दल फक्त 'माहिती दिल्याचा' चार्ज कापला आणि दंडाचा कागद त्यानंतर वेगळा आला! खेड्यापाड्यांत, द्राक्षमळ्यांत जायचं असेल तर दोन दिवसांपुरती घ्या आणि गावाबाहेर लावा. मुलं असतील तर रोमहून ट्रेनने या, मेस्सिनाच्या सामुद्रधुनीला ट्रेन डबे सोडवून बोटीच्या पोटात घालतात, रुळ थेट बोटीत असतात, मुलं आयुष्यभर सांगतील.

मे उत्तम. सिराकुसाच्या ग्रीक थिएटरमध्ये मे-जूनच्या सुमारास जुनी ग्रीक नाटकं होतात, दगडी पायऱ्यांवर बसून, उशी न्या. जुलै-ऑगस्ट टाळा, ऑगस्ट २०२१ मध्ये सिराकुसाच्या जवळच ४८.८ अंश नोंदलं गेलंय, नागपूरकर पण घाबरतील. दुपारी एक ते चार बरीचशी दुकानं बंद असतात, पुणेकरांना सवय आहे. दिवाळीत हवा छान पण समुद्र गार आणि मधूनच पाऊस.

आणि मुलांना सकाळी नाश्त्याला ग्रानिता द्या. बर्फाचा गोळा नाही तो, पूर्वी एत्ना ज्वालामुखीवरचा बर्फ खड्ड्यांत साठवून खाली आणायचे त्यातून आलेला प्रकार, बदामाचा घ्या, शहाळ्यातल्या मलईसारखा दाट लागतो. सोबत ब्रिओश येतो, डोक्यावर अंबाड्यासारखी गाठ असलेला पाव. आधी ती गाठ तोडायची, ग्रानितात बुडवायची आणि तोंडात टाकायची, चमचा नंतर. आमच्या टेबलावर त्या गाठीवरून भांडण झालं होतं, म्हणून सांगते, माणशी एक ब्रिओश मागवा.